सुंठवड्याचा वाडगा

वर्षाराणी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. चहाला बोलावलं तर उभ्यानं पिते, कप विसळून ठेवते आणि जाता जाता आमच्या तुळशीची वाळकी पानं खुडून जाते. तिची सासू पंचफुलाबाई म्हणते, "इचं बूड जमिनीले टेकतच नाही. लग्नात पाटावर बी अर्धी उभीच होती."

माहेर जऊळक्याचं, घर स्टेशनाला लागून. ती स्वतःच सांगते, "काकू, गाडीचा भोंगा वाजला का आमी पळत जाचो. कोणी येणार नाही, कोणी जाणार नाही, नुस्ती गाडी पाहाले. गाडी गेली का मंग करमेच नाही." अशी मुलगी आमच्या किन्हीराजात खरादवाल्यांच्या घरी पडली. खराद म्हणजे मोटरवर लाकूड गरगर फिरवायचं आणि त्याला पटाशी लावून गोल घडवायचं. लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खूर, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात त्या लाकडी बैलांची चाकं, असं सगळं या घरातून जातं. नवरा देवमन तिच्या उलटा. खराद बंद झाला की घरात माणूस आहे की नाही हे भिंतीपलीकडून कळत नाही.

देवमनचे वडील रामधन लाटण्याच्या दोन्ही टोकांना काळ्या रेघा काढत. त्या रेघा रंगाच्या नव्हत्या. लाकूड फिरत असताना त्यावर तार ताणून धरायची. घासून घासून लाकूड तेवढंच जळतं, बारीक धूर निघतो आणि रेघ उमटते. कितीही घासा, जात नाही. नव्या नवरीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती तव्यावरची भाकर तशीच टाकून अंगणात आली. भाकरीचा कोळसा झाला. पंचफुलाबाई आजही तो कोळसा विसरली नाही.

पुढं सासऱ्याचे हात थरथरायला लागले आणि तार सुनेच्या हाती आली. तिनं लाटण्यावर भागवलं नाही. मोटरसायकलच्या जुन्या क्लचची तार सोडवून तिचा एक पदर घेतला, दोन्ही टोकांना मोडक्या लाटण्याचे तुकडे बांधले, म्हणजे हात भाजत नाही. देवमनला म्हणाली, वाडगे करून द्या. त्या वाडग्यांवर तिनं काय काय केलं ते मी भिंतीवरून पाहिलं आहे. खिळ्याचं टोक कानशीनं घासून गोल करायचं आणि ठोकत ठोकत ज्वारीच्या कणसासारखे दाणे उठवायचे. तारेच्या ब्रशनं घासून लाकडाच्या शिरा वर काढायच्या. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं असतं तसं तापणारं सोल्डरिंग घेऊन खाचाखाचांत काळं भरायचं. आणि तिची सगळ्यात आवडती नक्षी सीताफळाची. वाडग्याला बाहेरून सीताफळाचे डोळे. डोळा फिक्कट, दोन डोळ्यांमधली खाच काळी. हातात घेतलं तर फोडून खावंसं वाटतं.

"पण आतून गुळगुळीत ठेवतो मी काकू," ती म्हणायची. "आतमंदी जेवाचं राह्यते. नक्षी बाहीरून. माणसावाणी."

"माणसाची नक्षी बाहीरून राह्यते व्हय?" पंचफुलाबाई आतून ओरडली. "तुया तोंडावर तं दिसली नाही बाप्पा कोठी."

सासू-सुनेचं असं चालायचं. भांडण म्हणावं तर भांडण नाही.

मी सांगते ते मागच्या मार्गशीर्षातलं. त्याआधीच्या वैशाखात आमच्या दत्ताच्या देवळामागचा उंबर वाऱ्यानं आडवा झाला. उंबर आम्ही विस्तवाला लावत नाही. फांदी पडली तरी उचलून बांधाला ठेवतो आणि कुजू देतो. दत्ताचं झाड ते. माझ्या सासरी तर चुकून काड्यांच्या भाऱ्यात उंबराची काडी आली तर ती पाया पडून बाजूला काढायची, असा रिवाज. तर एवढं मोठं झाड पडलं, त्याचं करायचं काय? खोड आतून पोकळ निघालं. बुंध्याचा एकच ठोकळा धड होता. देवळाची पूजा रामकिसन गुरवांकडं आहे. ते देवमनला म्हणाले, "याचा एक मोठा वाडगा कर. जयंतीला जन्म झाला की सुंठवडा त्याच्यातूनच वाटू. झाड गेलं, पण देवाजवळ तरी राहील."

सुंठवडा पंचफुलाबाईच्या हातचा. सासूकडून तिला आलेला मान. सुंठ उन्हात वाळवून, उखळात कुटून, वस्त्रगाळ करून मग खोबरं आणि खडीसाखर. मिक्सरचं नाव काढलं तर म्हणते, "मिक्सरची सुंठ नाकाले लागते, जिभेले नाही." तिनंच त्या ठोकळ्याला हळदकुंकू वाहिलं. देवमननं तडकू नये म्हणून दोन्ही तोंडांना शेण लिंपलं आणि ठोकळा सावलीत ठेवला. दिवाळीनंतर त्यानं तो खरादावर चढवून ओबडधोबड वाडगा केला. त्याच दिवसांत आंब्याचाही एक केला, तेवढाच मोठा. तो उज्ज्वलासाठी. उज्ज्वला आमच्या बचत गटाची अध्यक्ष. वाशीमला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि सीताफळाच्या नक्षीचा मोठा वाडगा तिला टेबलावर सगळ्यांत पुढं ठेवायचा होता.

आता चूक कुठं झाली ते सांगते. हळदकुंकू होतं ठोकळ्याच्या सालीवर. पटाशी लागली आणि साल गेली, तिच्याबरोबर हळदकुंकूही गेलं. आतलं लाकूड दोन्हीचं फिक्कट, सारखंच. ओले वाडगे एकदम वाळले तर तडकतात, म्हणून देवमन ते पोत्यात खरादीच्या भुशात पुरून ठेवतो. त्यानं दोन्ही एकाच पोत्यात ठेवले आणि बायकोला सांगून ठेवलं, "वरचा आंब्याचा, तुया. खालचा देवाचा. त्याले हात नोको लावू."

पण पंचफुलाबाईचा गुरुवार. दर गुरुवारी ती पोत्यात हात घालायची, देवाचा वाडगा काढायची, भुसा झटकून कपाळाला लावायची आणि परत ठेवायची. देवाची वस्तू खाली आणि आंब्याचं लाकूड तिच्या उरावर, हे तिला कसं चालावं? एका गुरुवारी तिनं तो वर ठेवला. कुंकू लावलं असतं तर निभावलं असतं, पण लाकडाला डाग पडतो म्हणून देवमननं तेही बंद केलं होतं.

जयंतीच्या आठवड्यात देवळात पारायण बसलं. देवमन खरादाचा पट्टा आणायला वाशीमला गेला होता. उद्याचं आज करायची घाई असलेली ही बाई, तिनं जुनाच पट्टा बांधून-बिंधून खराद चालू केला आणि वरचा वाडगा घेतला. मी पारायणाहून आले तेव्हा भिंतीवरून धूर दिसत होता.

"काकू," ती म्हणाली, "आज तार लय खोल जाऊन राह्यली वं. लोण्यात गेल्यावाणी."

"तार नवी असेल."

"तार तं जुनीच हाये. लाकूड चांगलं वाळलं दिसते. हलकं झालं."

आणि वाडगा असा उतरला की काय सांगू. आंब्यावर तिचे सीताफळाचे डोळे नीट येत, पण कोरल्यासारखे दिसत. हे फुगून आल्यासारखे दिसत होते. ब्रशनं मऊ भाग निघून गेला होता आणि प्रत्येक डोळ्यावर बारीक शिरा उभ्या राहिल्या होत्या. काठाखाली एक काळी रेघ, तारेची. बाई तो हातात घेऊन अंगणभर फिरत होती. खाली ठेवायची, परत उचलायची.

देवमन आला. पट्टा खांद्यावर. वाडगा पाहिला, हातात घेतला, वजन केलं आणि नाकाजवळ नेला. तसाच पोत्याकडं गेला. दुसरा वाडगा काढून त्यावर बोटानं टकटक केलं.

"हा आंबा हाये," तो म्हणाला.

एवढंच. तिच्या हातातून ब्रश पडला.

पंचफुलाबाई सुपात सुंठ घेऊन बसली होती. तिला समजायला जरा वेळ लागला. मग तिनं सूप उचललं. "उंबर जाळला? माया घरात? अन् त्याच्यात म्या सुंठवडा घालू?" आणि सरळ आमच्या ओसरीवर येऊन बसली. तिथून पुढं सुंठेचं सगळं काम तिनं आमच्याकडं केलं. सुनेशी बोलणं बंद. निरोप द्यायचा असला तर मला सांगायची, मोठ्यानं, म्हणजे भिंतीपलीकडं जाईल.

त्या संध्याकाळी वर्षाराणी आमच्या मागच्या दाराशी आली. उभीच. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"काकू, वरचा होता तो. म्या खालून नाही काढला."

"मग वर कसा आला?"

ती आमच्या ओसरीकडं पाहत राहिली. गुरुवारी भुसा झटकताना मीही पंचफुलाबाईला पाहिलं होतं. दोघींना एकदमच उमगलं.

"अगं मग सांग ना तिला!"

"नाही काकू. तुमी बी नोको सांगजा. तुमाले दत्ताची आन हाये. त्यायले समजलं तं त्यायच्यानं सुंठ कुटल्या जाईन का? हात चालन का त्यायचा?" मग जरा थांबून म्हणाली, "अन् जाळला तं म्याच ना."

आन घातल्यावर मी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी रामकिसन गुरव आले. त्यांना वाटलं होतं वाडगा झाला असेल, घेऊन जाऊ. गुरुवारचं सोडून मी त्यांच्या कानावर सगळं घातलं. त्यांनी वाडगा गोल गोल फिरवून पाहिला. आवडला त्यांना, ते तोंडावर दिसतच होतं.

"हे पाहा," ते म्हणाले, "होमात उंबराच्या समिधा असतातच. उंबर जळला म्हणजे पाप झालं असं काही पोथीत नाही. बिनघोर आणा."

भिंतीपलीकडून, म्हणजे आमच्या ओसरीवरून, पंचफुलाबाईचा आवाज आला, "होम अन् चूल एक हाये काय, गुरवबुवा?"

"चूल कुठं आहे वहिनी? तार आहे ती."

"मले नोका शिकवू! धूर निघाला का नाही, इचारा तिले!"

गुरव हसले. म्हणाले, "वर्षाराणी, तू मनावर घेऊ नको. मी सांगतो ना, चालते."

चालते म्हटल्यावर कोणीही सुटलो म्हणालं असतं. ही उभी होती, वाडग्याच्या काठावरून अंगठा फिरवत. "होमात देवाले देतात, बुवा," ती म्हणाली. "म्या देवाले नाही देलं. म्या नक्षीपायी जाळला."

गुरवांनी चहा घेतला आणि उठले. जाताना एवढंच म्हणाले, "जयंतीला दुपारपर्यंत कळवा. नाहीतर परात काढावी लागेल."

तेवढ्यात उज्ज्वला आली. तिनं वाडगा पाहिला आणि तिथंच बसली. "बाई बाई बाई! हाच दे मला. वाशीमच्या बायका वेड्या होतील. मंदिराला स्टीलची परात काय वाईट आहे? एवढी वर्षं परातीतच तर वाटत होते."

"देवाच्या झाडाचा हाये तो."

"मग चांगलंच आहे की. तसं लिहून ठेवू खाली. लोक हात जोडतील."

"उज्ज्वलाताई, मी इचार करतो," वर्षाराणी म्हणाली. ती विचार करते म्हणाली याचंच मला नवल वाटलं. त्या दिवशी तिनं अंगण झाडलं, परत झाडलं. भाजीत मीठ दोनदा पडलं. देवमन जेवून उठला आणि तांब्याभर पाणी प्यायला. ही खराद चालू करायची, बंद करायची. आमच्या भिंतीला तो आवाज कळायचा, मोटर गुरगुरायची आणि काम न होताच थांबायची. पंचफुलाबाई सुंठ कुटत म्हणायची, "काहून चालू-बंद करून राह्यली ते? मोटर जाळते काय आता?" पण मुसळ जरा हळू पडायला लागलं होतं. ऐकत होती ती.

जयंतीच्या आदल्या दिवशी वर्षाराणी कारंज्याला गेली. सकाळच्या बसनं, शेलूबाजारावरून. दत्तमहाराजांचं ठिकाण ते, तिथं विचारावं, असं तिच्या मनानं घेतलं. वाडगा पिशवीत घालून, वरून टॉवेल. मला वाटलं मुक्कामानं येईल. पण दुपारी परत. चपलेला धूळ, केस विस्कटलेले.

"काय म्हणाले?"

"कोण?"

"अगं, विचारलंस ना कोणाला?"

"गर्दी होती लय. रांगेत उभी राह्यली. पिशवीले लोकायचे धक्के लागून राह्यले, म्हून पोटाशी धरली." ती उभ्यानंच पाणी प्यायली. "समोर गेली काकू, अन् तोंडातून शब्दच नाही निघाला. मांगची बाई म्हणे, चला पुढं. मंग आली पुढं. बाहीर एक पुजारी होते, त्यायले इचारावं म्हटलं, तं ते म्हणे, ताई, चप्पल इथी नोका काढू. मंग कायले इचारू?"

मला हसू आलं, तिलाही आलं. पण डोळे भरले होते.

"पण बसमंदी एक समजलं," ती म्हणाली. "पिशवी मांडीवर होती. साऱ्या रस्त्यानं मी टॉवेल बाजूले करून पाहू पाहू येत होती. देवापाशी जाऊन आली, अन् ध्यान कुठी? त्या डोळ्यायवर. किती चांगले आले, किती चांगले आले. परसाद वाटताना बी मी तेच पाहीन काकू. लोक बी तेच पाहतीन."

जयंतीच्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडं देवमनचा आवाज चढलेला ऐकला. कधी नव्हे तो. मी आणि पंचफुलाबाई, दोघी उठून भिंतीशी गेलो. ती माझ्याआधी.

वर्षाराणी वाडगा पुढं करून उभी होती. "चढवा खरादावर. खरडून काढा सारी नक्षी."

"मायाच्यानं नाही होणार."

"काहून?"

"काहून म्हणते! तुयं असं काम दुसरं नाही झालं. अन् एकदा उतरवलेला वाडगा परत मधोमध बसत नाही. त्याची भिंत पातळ हाये. पटाशी अडकली तं ठिकऱ्या होतीन."

"मंग मी करतो. जाळला म्या, खरडीन बी मीच."

लाटण्याएवढं खरादकाम तिला येत होतं. वाडग्यावर तिनं पटाशी कधी लावली नव्हती. देवमननं तिच्याकडं पाहिलं आणि मग वाडग्याच्या बुडातली जुनी स्क्रूची भोकं शोधून खरादाच्या तबकडीला तो परत आवळला. हातानं फिरवून पाहिला, एका बाजूला कागदाची घडी घातली, परत फिरवला. असं त्यानं कितीदा केलं. तिनं पदर कमरेला खोचला, केस बांधले. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. पटाशी उचलली.

मोटर सुरू झाली. पहिला डोळा उडाला तेव्हा मी भिंतीवर आणखी वाकले. फिरताना सीताफळ दिसतच नाही, नुसता करडा धुरकट पट्टा दिसतो. त्यातून काळा भुसा उडत होता. मग पिवळट. मग पांढरा. देवमन बाजूला वाकून उभा होता, दोन्ही हात पुढं, जसं काही वाडगा निसटला तर झेलणार आहे. "हळू. हळू वं. दांडी खाली घे. दाबू नोको." ती दातावर दात धरून होती. एकदा खर्रकन आवाज झाला आणि पंचफुलाबाईनं माझं मनगट धरलं. नखं रुतली. वाडगा फुटला नव्हता. पटाशी जरा सरकली होती. वर्षाराणीनं मोटर बंद केली, कपाळ पुसलं, परत सुरू केली.

डोळे गेले, खाचा गेल्या. राहिली काठाखालची रेघ. तार लोण्यात गेल्यासारखी गेली होती ना, म्हणून ती सगळ्यांत खोल. वर्षाराणी तिच्यावरून पटाशी फिरवत गेली, रेघ बारीक होत गेली, पण जाईना. देवमननं मोटर बंद केली. काठ दोन बोटांत धरून उजेडाकडं पाहिलं.

"बस. आता लाकूडच उरलं नाही. अजून घेशीन तं काठ हातात येईन."

ती रेघेकडं पाहत राहिली. मग खाली बसली आणि उडालेला भुसा गोळा करायला लागली. खरादाखालचा, कोपऱ्यातला, जात्यामागचा. तो भुसा चुलीत जाऊ द्यायचा नव्हता. पदरात भरून ती देवळामागं गेली, जिथं उंबर होता तिथल्या खड्ड्यात रिकामा करून आली. परत आली तेव्हा वाडगा धुतला, पुसला, आतून खोबरेल तेल लावलं आणि माझ्याकडं दिला.

"काकू, तुमी न्या देवळात. आत्याबाईले इचारा. नाही म्हणतीन तं परात काढतीन. मी काही म्हणणार नाही."

पंचफुलाबाई माझ्या शेजारीच उभी होती. दोघींमध्ये हातभर अंतर. पण विचारायचं मीच.

"पंचफुलाबाई, काय करू?"

ती वळली. सुंठवड्याचं पातेलं घेऊन देवळाकडं निघाली. मी मागून.

दत्तजन्म सूर्यास्ताला. देवळात पाळणा बांधला होता, झेंडूच्या माळा, पारायणाला बसलेली सगळी मंडळी, लेकुरवाळ्या बाया. वर्षाराणी दाराशी, चपलांजवळ, एका पायावर भार देऊन, मग दुसऱ्या. रामकिसन गुरवांनी साधा वाडगा पाहिला. "हे काय? नक्षी कुठं गेली?" मी म्हटलं, "काढली." त्यांनी दाराकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग पंचफुलाबाईला म्हणाले, "वहिनी, परात आणली आहे मी. तुम्ही म्हणाल तसं."

पंचफुलाबाईनं वाडगा हातात घेतला. दिवसभरात पहिल्यांदा. समईच्या उजेडात तिनं तो फिरवला. काळी रेघ फिरून फिरून परत तिच्यासमोर आली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

"करदोड्यावाणी दिसते हे," ती म्हणाली.

तान्ह्या लेकराच्या कमरेला आपण काळा करदोडा बांधतो, नजर लागू नये म्हणून. शेजारच्या बायकांनी माना वळवल्या.

"वाणी काय, करदोडाच हाये," पंचफुलाबाई म्हणाली, जरा मोठ्यानं. "लेकरू जन्मते आज. नागवं ठेवते काय कोणी लेकराले? करदोडा पाह्यजेच." आणि पातेल्यातला सुंठवडा वाडग्यात ओतला. सुंठेचा भपका सगळ्या देवळात पसरला.

जन्म झाला, पाळणा म्हटला, गुलाल उडाला. पंचफुलाबाई वाडगा घेऊन वाटत वाटत दाराशी आली. सगळ्यांच्या हातावर चिमूट ठेवत होती. सुनेपुढं थांबली. वर्षाराणीनं हात पुढं केला.

"गुरुवारी म्याच वर ठेवला होता ना वं?" ती हळूच म्हणाली. मी मागंच होते म्हणून ऐकलं.

वर्षाराणीचा हात पुढं तसाच राहिला.

"मले कालच ध्यानात आलं. सुंठ चाळता चाळता." तिनं हातावर नाही, सुनेच्या तोंडातच सुंठवडा घातला. "मुकी झाली होती काय तू? एवढी बोलते सारा दिवस."

"तुमचा हात थांबला असता, आत्याबाई."

"थांबला असता तं थांबला असता. माहीत असून खरडू कायले देलं मंग मी?" तिचा आवाज फाटला. "चांगलं होतं वं ते. म्या भिंतीवरून पाह्यलं होतं. सीताफळ."

मागून लोक रेटत होते, "चला आजी, पुढं चला," म्हणून. ती पुढं गेली.

सगळं छान झालं असं वाटून मी घरी आले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा करते न करते तोच भिंतीपलीकडं खराद सुरू. मग ठक ठक. मग करपल्याचा वास. "काकू, या बरं जराशा!"

तिच्या मांडीवर आंब्याचा वाडगा होता, उज्ज्वलासाठीचा. अर्ध्या भागावर सीताफळाचे डोळे काढून झाले होते. पंचफुलाबाई शेजारी लसूण सोलत बसली होती, डोळे बारीक करून तिकडंच पाहत.

"पाहा नं," वर्षाराणी म्हणाली. "तसा येऊन राह्यला का?"

मी वाडगा हातात घेतला. डोळे नीट होते, सारखे होते. सुंदरच म्हणावेत असे. पण त्या उंबरावर ते जसे फुगून आले होते, तसे नव्हते. आंबा कठीण. शिरा उभ्या राहत नव्हत्या.

"चांगला येतोय की," मी म्हटलं.

"खरं सांगा."

मी पंचफुलाबाईकडं पाहिलं. तिनं लसणाची पाकळी सुपात टाकली.

"नाही येऊन राह्यला," ती म्हणाली. "अजून दाबून घास."

वर्षाराणी उठली. उभ्यानंच ब्रश घेतला, वाडगा भिंतीला टेकवला आणि घासायला लागली.